माजी सैनिकांचे शिक्षण आणि लोकनेतृत्व

लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या व्यक्तींना नागरी जीवनात सार्वजनिक कार्याची धुरा वाहता यावी, यासाठी दिले जाणारे शिक्षण आणि अशा शिक्षणातून प्रत्यक्षात उदयास आलेले नेतृत्व, असा या विषयाचा दुहेरी आशय आहे. माजी सैनिकांसाठी महाविद्यालयीन पातळीवर नेतृत्वाचा स्वतंत्र प्राथमिक अभ्यासक्रम असावा, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. तथापि सैनिकी शिक्षणातून समाजाचे पुढारी निर्माण होण्याची घटना महाराष्ट्रात त्यापूर्वी सुमारे अर्धशतक घडून गेली होती. ती कोणी योजलेली नव्हती, हे तिचे वैशिष्ट्य होय. पलटणींतील शाळा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना हिशेब ठेवू शकणारे व लेखी हुकूम वाचू शकणारे हवालदार हवे होते. त्या शाळांतून अस्पृश्य समाजाच्या पुढाऱ्यांची पहिली पिढी बाहेर पडली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकण व देशावरील महारांचा भरणा प्रारंभापासून मोठा होता. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे आढळतात. ती या समाजातील शिपायांची होत. बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीयांस प्राधान्य असे. मुंबई सैन्यात मात्र निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत मिसळून ठेवण्याची पद्धत होती. तिचा परिणाम दूरगामी झाला. गावात ज्याची सावलीही टाळली जाई, असा माणूस पलटणीत नाईक, हवालदार, जमादार व सुभेदार या पायऱ्या चढून स्वतःपेक्षा वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या शिपायांस हुकूम देऊ शके आणि ते पाळले जात. अधिकार चालविण्याचा हा अनुभव त्या काळच्या अस्पृश्य समाजास अन्यत्र कोठेही मिळणे शक्य नव्हते.

याला शाळेची जोड मिळाली. सैन्यातील हिंदी शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय असे आणि ते सक्तीचे होते, अशी नोंद पुढे डॉ. भीमराव आंबेडकरांनी केली आहे. मुलांप्रमाणे मुलींनाही ते मिळे, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. कारण मुलकी शाळांत त्या वेळी अस्पृश्य मुलगेही अपवादानेच दिसत. पलटणींच्या शाळांना शिक्षक पुरविण्यासाठी पुण्यास लष्करी नॉर्मल स्कूल म्हणजे अध्यापन विद्यालय होते. तेथे शिकलेला शिपाई केवळ साक्षर नसे. दुसऱ्यास शिकविण्याची रीतही तो जाणत असे. पुढे घडलेल्या गोष्टींत या शिक्षकी शिक्षणाचा वाटा कवायतीपेक्षा कमी नाही, किंबहुना अधिकच असावा.

या परंपरेचे सर्वांत परिचित उदाहरण आंबेडकरांच्या घराण्याचे आहे. भिवंडी व कल्याण या जुन्या व्यापारी गावांच्या पूर्वेस असलेल्या मुरबाड भागातील मुरबाडकर हे त्यांचे आजोळ. आई भीमाबाई यांचे वडील व चुलते सैन्यात सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. वडिलांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते आणि वडील रामजी यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेऊन सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकाचे काम केले. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव यांचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत रामजी सुभेदार निवृत्त होऊन दापोलीस आले आणि पुढे साताऱ्यास गेले. मुलांकडून पाठांतर करून घेणे, त्यांच्या इंग्रजीकडे लक्ष देणे, ऐपत नसतानाही पुस्तके विकत आणणे, या त्यांच्या सवयी चरित्रकारांनी नमूद केल्या आहेत. त्या एका वत्सल पित्याच्या होत्या, तशाच त्या एका निवृत्त शाळामास्तराच्याही होत्या.

दापोली हे त्या काळी निवृत्त सैनिकांच्या वस्तीचे ठिकाण होते. ‘कॅम्प दापोली’ या नावात त्याची खूण अद्याप टिकून आहे. महाडनजीकच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर दापोलीस राहू लागले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. दीनबंधु व सुधारक या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ मध्ये त्यांनी विटाळाच्या कल्पनेविषयी उच्चवर्णीयांस प्रश्न विचारणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील पद्धत पाहण्यासारखी आहे. आरोप करण्याऐवजी एकामागून एक प्रश्न मांडून उत्तराची मागणी करणे, ही वर्गातील शिक्षकाची किंवा चौकशी करणाऱ्या लष्करी अंमलदाराची रीत होय. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था स्थापन केली. अस्पृश्यांनी अस्पृश्यांसाठी चालविलेल्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. १८९५ मध्ये सरकारने महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक केली, तेव्हा उच्चवर्णीयांकडून तिला विरोध झाला. पलटणीत ज्याचा हुकूम चालला, त्याच्या शेजारी बैठकीस बसणे मुलकी जगास मान्य नव्हते. सैनिक म्हणून मिळालेली प्रतिष्ठा छावणीच्या वेशीपाशी संपत असे आणि या विसंगतीची जाणीवच वलंगकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या चळवळीचे मूळ ठरली.

ही परंपरा ऐन बहरात असतानाच तिचे मूळ तोडले गेले. ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत लॉर्ड रॉबर्ट्‌स सरसेनापती असताना (१८८५–९३) प्रबळ झाला. त्यानुसार मिश्र कंपन्यांऐवजी एकेका जातीच्या कंपन्या बनविण्याचे धोरण आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. यामागील युक्तिवाद शौर्याच्या कमतरतेचा होता. परंतु इतर जातींचे शिपाई त्यांच्यासोबत सेवा करण्यास नाखूश असतात, ही सबबही त्याला जोडलेली असे. भरतीबंदीने केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत. पलटणीची शाळा, निवृत्तिवेतन आणि हुद्दा ही तिन्ही एकाच निर्णयाने पुढील पिढीस बंद झाली. रामजी सुभेदारांच्या पिढीने मुलांना शिकविले. पण त्या मुलांच्या बरोबरीच्या असंख्य घरांत आता शिकविणारा बाप असणार नव्हता.

या निर्णयाविरुद्ध जी अर्जांची मोहीम सुरू झाली, तिचे अग्रणी निवृत्त सैनिकच होते, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांस उद्देशून निवेदन तयार केले व त्यात आपल्या समाजाच्या पूर्वीच्या लढायांतील सेवेचा दाखला दिला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे स्वतः सैनिक नव्हते. परंतु सैनिकी पेन्शनरांनी घालून दिलेली वाट त्यांनी पुढे नेली. १९०३ मध्ये सासवड येथे एक्कावन्न गावांतील महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज पाठविला आणि १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे निवेदन धाडून पोलीस, सैन्य व मुलकी खात्यांतील कनिष्ठ जागा खुल्या करण्याची मागणी केली. या अर्जांची भाषा आज काहीशी मवाळ, राजनिष्ठेने भारलेली वाटते. मात्र अर्ज मुद्देसूद लिहिणे, पुरावा जोडणे, सह्या गोळा करणे आणि तो योग्य अधिकाऱ्याकडे योग्य मार्गाने पोहोचविणे, ही कामे करता येणारी माणसे तयार झाली होती, हे महत्त्वाचे. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभारण्यात आली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली.

महाड येथे १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत आंबेडकरांनी या हानीचा स्पष्ट उल्लेख केला. दापोलीच्या परिसरात आपल्या बालपणी सैनिकी पेन्शनरांमुळे जी जाग होती ती आता उरलेली नाही आणि त्यास भरतीबंदी कारण आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाकडे पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. पण ज्या मुलखात तो झाला, तो वलंगकरांचा व निवृत्त सुभेदार-हवालदारांचा मुलूख होता, हे विसरता येत नाही. त्याच सुमारास स्थापन झालेल्या समता सैनिक दलाच्या शिस्तीस व संचलनास माजी सैनिकांचा अनुभव उपयोगी पडला. जुलै १९४१ मध्ये आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. जवळजवळ पन्नास वर्षांनी बंद दार उघडले. मधल्या काळात नेतृत्व मात्र सैन्याकडून विद्यापीठांकडे सरकले होते.

या अनुभवात परिणामकारक काय ठरले, याचा विचार करता तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात : लेखन-वाचन व अध्यापन यांचे शिक्षण, अधिकार वापरण्याचा सराव आणि निवृत्तिवेतनाने दिलेले स्वातंत्र्य. यांतील तिसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. ज्याच्या घरची चूल गावच्या बलुत्यावर अवलंबून नाही, तोच गावच्या रूढीविरुद्ध बोलू शकतो. वलंगकरांच्या लेखणीमागे फुल्यांचा विचार होता, तसाच सरकारी पेन्शनीचा आधारही होता. याउलट ज्या जातींतील निवृत्त सैनिक शेतीवर परतून गावच्या चाकोरीत सहज सामावले गेले, त्यांच्यातून अशी पुढाऱ्यांची सलग परंपरा निर्माण झाली नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात अनेक जवान गमावले आणि सैनिकी गाव म्हणून लौकिक मिळविला. परंतु त्या लौकिकाचे स्वरूप सेवेचे राहिले, चळवळीचे नव्हे. सैन्यातील अनुभव आपोआप पुढारीपण देतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा प्रश्न जगभर नव्या स्वरूपात उभा राहिला. अमेरिकेत २२ जून १९४४ रोजी माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला, ‘जी. आय. बिल’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. सरकारी खर्चाने शिक्षण वा प्रशिक्षण घेणाऱ्यांची संख्या १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख झाली व त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. १९४७ मध्ये तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्यास या योजनेचे लाभ फार विषम प्रमाणात आले. तरीही मिसिसिपीतील नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांच्यासारखे कार्यकर्ते याच पिढीतले होते. युद्धसेवेनंतर त्यांनी अल्कॉर्न येथे पदवी घेतली आणि १९५४ पासून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते त्या राज्यातील प्रतिनिधी होते. युद्धात देशासाठी लढलेल्या माणसाला घरी परतल्यावर मतदान करता येऊ नये, ही त्यांची व्यथा वलंगकरांच्या व्यथेशी आश्चर्यकारक साम्य दाखविते.

हिंदुस्थानच्या सैन्याची संख्या त्या युद्धात पंचवीस लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांस घरी पाठविताना त्यांच्या नोकऱ्यांची सोय लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. भारतातील सेवायोजन कार्यालयांचे मूळ त्यातच आहे. ही सोय किती अपुरी वाटत होती, याचे प्रत्यंतर मुंबई बंदरात आले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक तळावर सुरू झालेल्या उठावातील खलाशांच्या मागण्यांत सेवामुक्ती लवकर व्हावी आणि त्यानंतर योग्य रोजगार मिळावा, ही मागणी होती. स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आणि जिल्हा पातळीवरील सैनिक कल्याण कार्यालये यांनी हे काम चालविले. राखीव जागा, धंदेशिक्षण, सुरक्षारक्षकांची कामे, अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग असे त्याचे स्वरूप आहे. या सर्वांचा रोख उपजीविकेवर आहे व तो असणे क्रमप्राप्तही आहे. जवान तिशीच्या उत्तरार्धात निवृत्त होतो आणि घरची जबाबदारी तेव्हाच सर्वाधिक असते.

शिक्षणाच्या बाजूने मात्र एक विचित्र तडजोड झाली. मॅट्रिक झालेला आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेला माजी सैनिक केंद्र शासनाच्या क गटातील, पदवीची अट असलेल्या व तांत्रिक अनुभव आवश्यक नसलेल्या पदांस पात्र समजला जातो. या तरतुदीने पुष्कळांस नोकऱ्या मिळाल्या. पण पंधरा वर्षांत तो नेमके काय शिकला, काय शिकावयाचे राहिले, याची मोजदाद तिच्यात नाही. पदवीशी बरोबरी झाली ती वर्षे मोजून, अभ्यास मोजून नव्हे.

महाराष्ट्रात या काळात निवृत्त जवानाच्या ग्रामीण नेतृत्वाचे गाजलेले उदाहरण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धीचे होय. सैन्यात वाहनचालक असलेले किसन बाबूराव उर्फ अण्णा हजारे १९७५ मध्ये निवृत्त होऊन गावी परतले. स्वतःच्या पैशातून मंदिराचा जीर्णोद्धार, तरुणांची संघटना, दारूबंदी व त्यानंतर पाणलोट क्षेत्राचा विकास, असा त्यांच्या कामाचा क्रम आहे. निवृत्तिवेतनामुळे येणारी निर्भयता येथेही आढळते. तसेच लष्करी पद्धतीचे गुणदोषही आढळतात. श्रमदान व बंडिंगच्या कामात शिस्त उपकारक ठरली. दारू पिणाऱ्यांस खांबाला बांधून शिक्षा करण्याच्या प्रकारांवर मात्र टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

माजी सैनिकांसाठी नेतृत्वाचा प्राथमिक अभ्यासक्रम आखताना नेमका हाच पेच सोडवावा लागतो. हवालदाराला माणसे हाताळणे शिकवावे लागत नाही. ते तो अनेक प्राध्यापकांपेक्षा अधिक जाणतो. ब्रिटनमध्ये जॉन अडेअर यांनी १९६० नंतरच्या दशकात सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात कार्य, गट व व्यक्ती या तीन गरजांचा मेळ घालणारी जी मांडणी केली, ती पुढे उद्योगधंद्यांतही रूढ झाली. अनुभवी सैनिकास तिचा अर्थ लगेच उमगतो. त्याला अपरिचित असते ते निराळेच : ज्याच्यावर आपला हुकूम चालत नाही अशा माणसाची संमती मिळविणे. पलटणीत प्रश्न विचारणारा खोळंबा करतो. ग्रामसभेत तो आपला हक्क बजावतो. म्हणून अशा अभ्यासक्रमाचा आरंभ नेतृत्वाच्या व्याख्यांपासून न करता सैनिकाच्या स्वतःच्या सेवेतील एखाद्या प्रसंगाच्या लेखी वृत्तांतापासून करणे इष्ट ठरते. लेखनामुळे अनुभव तपासण्याजोगा होतो. त्यापुढे सभेचे संचालन व इतिवृत्त, अर्ज व निवेदन, अंदाजपत्रकाचे वाचन, सहकारी संस्थांचे व १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे प्राथमिक ज्ञान यांना स्थान द्यावे लागते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. त्यामुळे गावच्या बैठकीत स्त्री सरपंचाच्या अध्यक्षतेखाली काम करण्याची तयारीही या शिक्षणाचा भाग ठरते; ती सवय जवानास बराकीत लागलेली नसते. वलंगकरांची पुस्तिका व १९१० चे निवेदन हे अशा वर्गासाठी परदेशी क्रमिक पुस्तकांइतकेच उपयुक्त साहित्य आहे. शिकविण्याचे शिक्षणही त्यात असले पाहिजे. नॉर्मल स्कूलचा धडा तोच आहे.

वर्गरचनेचा प्रश्नही गौण नाही. केवळ माजी सैनिकांचा वर्ग भरविला, तर विद्यार्थी एकमेकांची भाषा जाणतात व संकोच राहत नाही. परंतु हुद्द्यांची उतरंडही वर्गात शिरते आणि सुभेदारापुढे शिपाई बोलत नाही. अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बसविले, तर वयाचे अंतर आड येते. आरंभीची काही सप्ताहे स्वतंत्र वर्ग आणि नंतर मिश्र गटांतून प्रत्यक्ष कामे, हा मधला मार्ग अधिक सोयीचा दिसतो. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या (स्थापना १९८९) दूरशिक्षण संस्थांमुळे गावी राहून अभ्यास करणे शक्य झाले आहे, पण समूहाचे पुढारपण टपालाने आलेल्या पाठांतून शिकता येत नाही, ही अडचण उरतेच.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नास नवी निकड आणली. तीनुसार भरती होणाऱ्या अग्निवीरांचा सेवाकाळ चार वर्षांचा असून त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले जवान ऐन पंचविशीच्या आसपास, निवृत्तिवेतनाशिवाय, एकरकमी निधी घेऊन घरी परततील. म्हणजे वलंगकरांच्या पिढीस लाभलेल्या तीन गोष्टींपैकी एक त्यांच्यापाशी नसेल आणि हुद्द्याचा अनुभवही अल्पच असेल; शिक्षणावर त्यामुळे अधिक भार पडतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या साहाय्याने त्यांच्यासाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम त्याच वेळी जाहीर करण्यात आला. त्यातील निम्मी श्रेयांके सेवेतील प्रशिक्षणाबद्दल दिली जातात आणि उरलेली निम्मी भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, शेती इत्यादी विषयांच्या यादीतून विद्यार्थ्याने निवडावयाची असतात.